शालिकरामजींच्या घरी 'सूखा कुआँ'

१

रविवारी दुपारी साडेतीनला नलूकाकू हॉलच्या खिडकीवर जाड चादर टांगायच्या. बाहेर आमच्या हुडको वसाहतीच्या रस्त्यावर लख्ख ऊन, कुल्फीवाल्याची घंटी, आणि आत त्या लहानशा खोलीत थेटरासारखा अंधार. चार वाजता आम्ही 'सूखा कुआँ' लावायचो.

मालिका हिंदी होती, ऑनलाइन, आठ भागांची, दर शुक्रवारी एक नवा भाग. एका उजाड गावातल्या कोरड्या विहिरीत तीन बायकांची प्रेतं सापडतात आणि इन्स्पेक्टर बिसेन खुनी शोधतो, एवढीच गोष्ट. पण होती इतकी काळीकुट्ट की एकट्यानं बघायची कोणाची हिंमत नव्हती. म्हणून शुक्रवार-शनिवार दम धरायचा आणि रविवारी सगळ्यांनी मिळून घाबरायचं. घाबरणं कमीच. भांडणंच जास्त.

घर शालिकरामजींचं. ते आणि माझे वडील पोलादाच्या प्लांटमध्ये एकाच पाळीत होते, म्हणून मी त्यांना काकाजी म्हणते. मी रेणू, शेजारच्या घरात राहते, प्लांटच्या प्रयोगशाळेत कोळशाचे नि चुनखडीचे नमुने तपासते. काकाजींची उभी नोकरी मोठमोठ्या यंत्रांपाशी गेली. कुठलं बेअरिंग आठवड्याभरात जाणार, हे ते नुसतं ऐकून सांगायचे. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून ते बोलेनासे झाले. दिवसभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. नलूकाकू ताट पुढे ठेवायच्या, ते जेवायचे, बस.

पहिला भाग मी नि काकूंनीच लावला होता. विहिरीवरचा चौकीदार बिसेनला जबाब देत होता, आणि मागून पलंगावरून आवाज आला, "खोटं बोलून राहिला हा. श्वास आंधी घेते अन् मंग बोलते. पाठ केलेलं आहे."

काकूंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. किती महिन्यांनी ते स्वतःहून बोलले होते. भागाच्या शेवटी चौकीदार खरंच खोटा निघाला, आणि काकाजी हसले.

पुढच्या रविवारी मी अभिनवला बोलावलं. जामुलच्या सिमेंट कारखान्यात इंजिनियर असलेला, समोरच्या घरातला हा पोरगा मालिकेच्या चाहत्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर लांबलचक मतं लिहायचा. त्याच्या मागोमाग चंपाबाई आल्या. कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान आहे. त्या गोष्ट बघायच्याच नाहीत, कपडे बघायच्या. "गाँव की बाई अन् असा ब्लाउज? दर्जी शहर का हे," असं म्हणून त्या संशयितांची यादी करायच्या. नलूकाकूंचा संशय पहिल्या दिवसापासून बिसेनच्या सासूवर. "जावयाले चहासंगं दोन बिस्किटं देते अन् हासत नाही," त्या म्हणायच्या. "हे बाई साधी नाही."

"काकी, सास का मोटिव क्या है?" अभिनव विचारायचा.

"सासूले मोटिव लागते का रे?"

काकाजी खदखदून हसायचे. बेसनाच्या कुरकुरीत ठेठरीचा तुकडा तोंडात धरून हसायचे. त्या हसण्यासाठीच आम्ही यायचो, असं म्हटलं तरी चालेल.

२

पाचव्या भागात चौकशीच्या खोलीतला मोठा प्रसंग होता. बिसेन, त्याचा हवालदार आणि गावातला डॉक्टर. एक टेबल, एक दिवा, पार्श्वसंगीत नाही. डॉक्टर तासाभरापूर्वीचं काहीतरी आठवायचा प्रयत्न करतोय आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज.

"हा चौथा कोण आहे?" काकाजींनी विचारलं.

"तिघंच आहेत काकाजी," मी म्हटलं.

"चौघं आहेत. डाव्या अंगाले कोणी बसून आहे. दम लागल्यासारखा श्वास घेते."

अभिनवनं प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. टेबल, दिवा, तीन माणसं. चंपाबाई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन डोकावल्या आणि म्हणाल्या, "कोनो नइ हे, भैया."

काकाजींनी वाद घातला नाही. मान जराशी डावीकडे करून ऐकत राहिले. यंत्रापाशी उभे असताना ते असंच करायचे, असं माझे वडील सांगत.

भाग संपल्यावर अभिनव फारच खुश होता. त्यानं तिथल्या तिथं ग्रुपवर लिहून टाकलं: आमचे एक काका फक्त ऐकतात, आणि त्यांना चौकशीच्या खोलीत चौथा माणूस ऐकू येतो. चहा होईस्तोवर मतांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं, ध्वनिमुद्रकाचाच श्वास असेल. कोणी म्हणालं, दिग्दर्शकानं मुद्दाम ठेवलेली खूण आहे, आठव्या भागात उलगडेल. कोणी म्हणालं, काकांना आमचा नमस्कार सांगा, खरा चाहता असा असतो. अभिनव एकेक वाचून दाखवत होता आणि काकाजी नव्या नवरदेवासारखे लाजत होते.

शेवटचं मत मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. जगदलपूरच्या कुण्या बाईचं होतं. 'हमारे यहाँ भी एक ज़्यादा है.' एवढंच. अभिनव ते वाचायला गेला तोवर तिनं खोडून टाकलं होतं.

३

एका मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही. प्रयोगशाळेत नमुना दोनदा तपासल्याशिवाय आकडा पुढे जात नाही. सोमवारी सकाळी मला सुट्टी होती. घरी, स्वयंपाकघरात, कानात चांगले इयरफोन घालून मी तो प्रसंग सहा वेळा ऐकला. पंखा होता. डॉक्टरचा श्वास होता, हवालदाराच्या बुटांची करकर होती. चौथ्या माणसाचं काही नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं, कारण याचा अर्थ काकाजींना भास होत होता.

सहाव्या भागाच्या दिवशी मी टीव्हीकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त पाहिलं. भाग बाजाराचा होता. हाटातली गर्दी, कोंबड्या, लाउडस्पीकर. त्या गोंगाटातही काकाजींची मान तशीच डावीकडे कललेली. तेव्हा मला ते कळलं, आणि कळायला नको होतं असं वाटलं. टीव्ही त्यांच्या समोर होता. डावीकडे टीव्ही नव्हता. डावीकडे भिंतीला लागून सोफा होता. त्याच्या एका टोकाला मी बसायचे, दुसऱ्या टोकाला चंपाबाई. मधली जागा रिकामी असायची.

मध्येच बिसेननं काहीतरी चूक केली आणि आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. अभिनव म्हणाला, हा इन्स्पेक्टर कामाचा नाही. काकू म्हणाल्या, सासूच्या धाकात आहे बिचारा. तेवढ्यात काकाजींनी हात वर केला.

"एक एक बोला नं," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "त्यायले बी काही सांगायचं आहे. किती वेळचे थांबून राहिले."

आम्ही गप्प झालो. चंपाबाईंना वाटलं मला काही सांगायचंय, मला वाटलं त्यांना. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मधल्या रिकाम्या जागेवरून.

मग काकू म्हणाल्या, "चहा आणते," आणि उठल्या, आणि भाग पुढे सुरू झाला.

४

अंकुर, त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. सातव्या भागानंतर काकूंनी फोनवर त्याला आनंदानंच सांगितलं होतं की बाबा आता बोलून राहिले, हासून राहिले, ग्रुपमधले लोक त्यायले नमस्कार पाठवतात. सांगता सांगता चौथ्या माणसाचंही सांगून बसल्या. अंकुर तीन दिवसांत आला.

वाईट मुलगा नव्हता तो. घाबरला होता. वडिलांना दुर्गला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, या वयात असे कान मी पाहिले नाहीत. मग स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या, त्याही ठीक निघाल्या. त्यानं तर अंकुर जास्तच अस्वस्थ झाला. कान चांगले, डोकं चांगलं, मग हे काय.

शनिवारी संध्याकाळी तो आमच्या फाटकापाशी आला. "ताई, मी दोघाले घेऊन जातो," तो म्हणाला. "तिकडं माझ्या नजरेसमोर राहतील. इथं तुमी सगळे त्यायच्या मनाचं ऐकता, त्यानं हे वाढून राहिलं."

"तिकडं दिवसभर काय करतील रे ते?"

"इथं काय करते? एक सिरियल पाहते, ते बी न दिसता."

मला राग आला. तो म्हणाला, उद्याचा शेवटचा भाग मी बसून बघतो. बाबा नीट वागले तर विचार करीन. नाही तर बुधवारची गाडी.

हे मी नलूकाकूंना सांगितलं आणि आम्ही दोघी काकाजींपुढे जाऊन बसलो. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. "उद्या त्या चौथ्याचं नाव काढू नका," त्या म्हणाल्या. "ऐकू आलं तरी."

"कावून?"

"अंकुरले भेव वाटते."

काकाजींनी काकूंचा हात थोपटला. मग म्हणाले, "मले बी पहिल्यांदा वाटलं होतं." आणि थोड्या वेळानं, "नाही काढत. पण मंग त्यायले वाईट वाटन."

५

शेवटच्या भागाचा थाट काही औरच होता. अभिनवनं प्रत्येकाचं मत आधीच घेतलं होतं आणि फळ्यावर लिहिलं होतं. तो फळाही त्यानंच कुठून तरी आणला होता. नलूकाकू: सासू. अभिनव: डॉक्टर. मी: हवालदार. चंपाबाई: पटवारी, कारण त्याच्या शर्टाच्या एका बटणाचा धागा वेगळा आहे. यावर सगळे पोट धरून हसलो. अंकुरही हसला. त्यालाही मत विचारलं, तर म्हणाला, मी एकही भाग पाहिला नाही. "मंग तर तुहंच मत निष्पक्ष," काकू म्हणाल्या आणि त्याच्या नावापुढे त्यांनी परस्पर 'सासू' लिहायला लावलं.

काकाजी आपल्या पलंगावर, दोन्ही हात मांडीवर जोडून. आज त्यांनी एकही शब्द काढला नव्हता. अंकुर माझ्या नि चंपाबाईंच्या मध्ये बसणार होता, पण सोफ्यापाशी येऊन थांबला आणि बाजूचा वेताचा मोढा ओढून त्यावर बसला. का, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

भाग फार सुंदर होता. खुनी पटवारीच निघाला, आणि बटणावरूनच. चंपाबाईंनी दोन्ही हात कमरेवर ठेवून आमच्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी बिसेन दोर बांधून स्वतः विहिरीत उतरतो. सोनेरी उजेडात दगडांवरचं शेवाळ चमकतं, तो तळाशी बसतो, टोपी काढतो. अभिनवच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि लाइट गेली.

टीव्ही, पंखा, आतला फ्रिज, सगळं एकदम थांबलं. बाहेरही नेमकी शांतता होती. चादरीच्या कडेनं उन्हाची एक बारीक रेघ, बाकी अंधार. नेहमी असं झालं की कोणीतरी लगेच वीज कंपनीवर मत देतं. त्या दिवशी कोणी बोललं नाही. भागाचा परिणाम असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

खोली लहान होती. सहा माणसं होती. शांततेत माणसांचे श्वास ऐकू येतात, यात विशेष काही नाही. अभिनव नाक ओढत होता. काकूंचा श्वास छोटा छोटा. चंपाबाईंचा संथ. मोढ्यावरून अंकुरचा. पलंगावरून काकाजींचा. आणि माझा, तो मी रोखून धरला होता.

माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ, कोणीतरी धाप लागल्यासारखा श्वास घेत होतं. उंच चढून आल्यासारखा. आत घेताना एक बारीक शीळ, मग थांबणं, मग सोडणं.

मी मोजलं. पुन्हा मोजलं.

"चंपा मावशी," अंकुरचा आवाज आला. "तुमाले दमा आहे का?"

"नइ बेटा," चंपाबाई सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाल्या.

काकाजी बोलले नाहीत. त्यांनी शब्द दिला होता. चादरीच्या रेघेत मला त्यांचा चेहरा अर्धा दिसत होता. ते डावीकडे तोंड करून, लाजऱ्या यजमानासारखं, माफी मागितल्यासारखं हसत होते.

मग फ्रिजनं आचका दिला आणि पंखा फिरू लागला. अभिनवनं टीव्ही पुन्हा लावला, तेव्हा भागाची शेवटची नावंच उरली होती. सोफ्यावर माझ्या नि चंपाबाईंच्या मध्ये कोणी नव्हतं. सगळे एकदम बोलायला लागले, गरजेपेक्षा मोठ्यानं. अभिनवनं फळ्यावर पटवारीभोवती गोल केला, चंपाबाईंना शेवटची ठेठरी बक्षीस दिली, आणि खरं सांगते, आम्ही पुन्हा हसलो. ते हसणं खोटं नव्हतं.

६

निघताना काकाजी दारापर्यंत आले. मालिका संपली म्हणून आज त्यांना प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा होता. त्यांनी दाराच्या चौकटीला पाठ लावली आणि उजवा हात पुढे केला. अंकुर त्यांच्या शेजारी उभा होता, पडू नयेत म्हणून.

अभिनव हात मिळवून निघाला. चंपाबाई निघाल्या. मी त्यांचा हात हातात घेतला, तो कोरडा नि गरम होता. मग मी पायरी उतरले आणि चपलेचा पट्टा लावायला वाकले.

वर पाहिलं तेव्हा काकाजींचा हात अजून पुढेच होता. काकू आत कप उचलत होत्या, त्यांचा आवाज येत होता. बाहेर पडायचं कोणी उरलं नव्हतं. साडेपाचचं तिरपं ऊन दारात सरळ आत येत होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

हात जरासा खाली दबला, कोणी दोन्ही हातांनी धरल्यावर दबतो तसा. आणि हाताच्या पाठीवरची म्हातारी सैल कातडी ओळीनं चार ठिकाणी आत गेली. पांढरी झाली. क्षणभर तशीच राहिली. मग सुटली, आणि तिथं हळूहळू रक्त परतलं.

"या बरं," काकाजी हळूच म्हणाले.

अंकुरनं ते पाहिलं. मला माहीत आहे, कारण त्यानंतर त्यानं जे केलं ते माणूस विचार करून करत नाही. तो एक पाऊल मागं सरला, भिंतीला टेकला, आणि वाट दिली.

मी फाटक उघडं ठेवूनच घरी गेले. त्वचेचं, रक्ताभिसरणाचं, उतारवयाचं जे जे मला माहीत होतं ते सगळं मी त्या संध्याकाळी आठवून पाहिलं. काही बसलं नाही.

७

बुधवारच्या गाडीनं अंकुर एकटाच गेला. दुर्ग स्टेशनवर त्याला सोडायला मी गेले होते. गाडी लागल्यावर म्हणाला, "ताई, बाबा इथं खुश आहे. मी कधी त्यायले असं हासताना पाहिलं नव्हतं, नोकरीत होते तेव्हा बी नाही." मग डब्यात चढला आणि दारातूनच म्हणाला, "दुसरी कोणती सिरियल शोधा. लवकर शोधा. खाली वेळ ठेवू नका त्या घरात."

अभिनवनं शोधली. तीही खुनाचीच, समुद्रकाठची, दहा भागांची. पहिल्या रविवारी मी जरा लवकर गेले. पावणेचार झाले होते. नलूकाकू नि चंपाबाई बाजारातून परतायच्या होत्या. खिडकीवर अजून चादर नव्हती, हॉलमध्ये सगळीकडे ऊन. पायरीवर पाय ठेवला आणि आतून काकाजींचा आवाज आला. कोणाशी तरी मजेत वाद चालला होता.

"नाही, नाही, तुमचं मत मले पटत नाही. बिसेनले आंधीच समजलं होतं. आवाज पाहा न त्याचा सातव्या भागात."

मग ते थांबले. समोरचा बोलत असताना माणूस जेवढा थांबतो तेवढे. आणि मग असे मनापासून हसले की मला दारात उभ्या उभ्याच हसू आलं, आणि त्याच क्षणी पाठीवर काटाही आला. दोन्ही एकदम.

मी परत फिरू शकले असते.

"ये रेणू," ते आतून म्हणाले. माझी पावलं त्यांनी केव्हाच ओळखली होती. "बरं झालं आली. आमचा निकाल लाव. मी म्हणतो शेवट चांगला होता. यायले नाही आवडला."

मी आत गेले. सोफा सोडून दाराजवळच्या मोढ्यावर बसले. उन्हात सोफ्याची मधली गादी दिसत होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही. मग विचारलं, "काय नाही आवडलं?"

काकाजींनी डावीकडे मान कलती केली आणि लक्ष देऊन ऐकलं. मग हसत हसत माझ्याकडे वळले.

"म्हणते, विहिरीत एवढा उजेड नसते."